क्लिनिंग केल्यावर दात हलायला लागतात का? सासूबाई ऐकायलाच तयार नाहीत

तासगावची_सून
नमस्कार सगळ्यांना. सासूबाईंसाठी विचारतीय. वय ५८, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत आणि मिश्रीची सवय अगदी लहानपणापासून. चूळ भरली की रक्त दिसतं, तोंडाला वास येतो आणि खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूनं पिवळं काळं दगडासारखं चढलंय. मिस्टर त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेले होते, डॉक्टर म्हणाले आधी स्केलिंग म्हणजे दातांचं क्लिनिंग करूया मग बाकीचं बघू. घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या अजिबात करू नका, आमच्या जाऊबाईंनी केलं तर फटी पडल्या आणि दात हलायला लागले. झालं, तेव्हापासून सासूबाईंचं एकच, दुखत नाही तर कशाला जायचं, आहेत ते दात पण जातील.
हे खरं आहे का? आणि आम्हा बाकीच्यांना काहीच त्रास नाही तरी दर सहा महिन्याला जायला पाहिजे का? मुलगा ७ वर्षाचा आहे, घरचंच बेदाण्याचं शेड असल्यामुळे येता जाता मूठभर बेदाणे तोंडात, त्याचं पण सांगा.

दातांचा_डॉक्टर_मिरज
ताई, मी डेंटिस्ट आहे आणि हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. काकूंच्या जाऊबाईंनी जे बघितलं ते खोटं नाही, दात हलले असतील, फटी पण दिसल्या असतील, फक्त कारण क्लिनिंग नाही.
दातावर जो चिकट थर बसतो तो ब्रशनं निघतो. राहून गेला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे थोड्याच दिवसात कडक होतो, मग ब्रश कितीही जोरात घासा, निघत नाही. त्यालाच आपण कीटण म्हणतो. जिभेखाली लाळ सुटते म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतून ते सगळ्यात जास्त साचतं, तुम्ही लिहिलंय तीच जागा. त्या खडबडीत थरावर जंतू बसून राहतात, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर आतलं हाड झिजत जातं. दात हाडात बसलेला असतो, हाड खाली गेलं की तो हलणारच. पण वरून कीटणानं चार दात सिमेंट लावल्यासारखे एकमेकांना धरून ठेवलेले असतात म्हणून कळत नाही. कीटण काढलं की खरी परिस्थिती दिसते आणि नाव येतं क्लिनिंगवर. फटींचं पण तेच, त्या जागेत कीटण भरलेलं होतं, शिवाय सूज उतरली की हिरडी थोडी खाली बसते. काही दिवस गार लागलं की ठणकतं, ते हळूहळू कमी होतं. मशीनची टोकं पाण्याच्या फवाऱ्यात थरथरतात आणि त्या कंपनानं कीटण सुटतं, नीट केलं तर दात झिजत नाही.
जाताना शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. हार्टचा व्हॉल्व्ह बदललेला असेल तर ते तर पहिल्यांदा सांगायचं, अँटिबायोटिक आधी द्यावं लागतं. शुगरवाल्यांनी नाश्ता आणि गोळी घेऊनच सकाळची अपॉइंटमेंट घ्यावी.
आणि ताई, मिश्री आहे म्हणून डॉक्टरांना गालाच्या आतली बाजू, ओठाच्या आत, जिभेच्या कडा पण बघायला सांगा. पांढरा चट्टा असेल, किंवा फोड दोन आठवड्यात भरत नसेल तर थांबायचं नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पण सुरवातीला दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा येतात. माझ्या मते सासूबाईंसाठी क्लिनिंगपेक्षाही हे बघून घेणं महत्त्वाचं आहे.

कोयनाकाठ_कराड
डॉक्टरांनी लिहिलंय त्याला दुजोरा. आमच्या वडिलांना पण शुगर, ते पण दुखत नाही दुखत नाही म्हणायचे. शेवटी मलकापूरच्या डेंटल कॉलेजला नेलं. तिथल्या मॅडमनी एक बारीक काडीसारखं हत्यार घेतलं, त्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या, ते हळूच दात आणि हिरडीच्या मधे सरकवायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, शेजारी बसलेली मुलगी लिहून घ्यायची. वडिलांच्या हातात आरसा दिलेला. निरोगी हिरडीत ती काडी ३ मिलिमीटरच्या पुढं जात नाही म्हणे, यांच्या दाढांच्या मागं ६, ७ असे आकडे निघाले. आम्ही घरचे एवढे दिवस सांगून थकलो ते त्या काडीनं पाच मिनिटात पटवलं, स्वतःच म्हणाले करून टाका.
सगळं एकदम नाही केलं, हिरडीच्या आतलं क्लिनिंग थोडं थोडं करून केलं. शुगर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांत इन्फेक्शन राहिलं की शुगर पण आटोक्यात यायला त्रास होतो, दोन्हीकडून आहे ते, त्यामुळे शुगरच्या डॉक्टरांना पण कळवा.
तुम्हाला तासगावहून सांगली जवळ, तिथं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे. कॉलेजला खर्च प्रायव्हेटपेक्षा कमी येतो पण विद्यार्थी करतात आणि सर येऊन तपासतात म्हणून वेळ जातो, सकाळी लवकर पोचा आणि डबा बरोबर ठेवा.

भडंगवाला
सहा महिन्याचं मला जरा सरसकट वाटतं. इंग्लंडमध्ये २००४ साली सरकारी सेवेसाठी ज्या गाइडलाइन आल्या त्यात मोठ्या माणसांना तब्येत बघून ३ महिने ते २ वर्ष आणि १८ च्या आतल्यांना जास्तीत जास्त १ वर्ष असं आहे. दात चांगले आहेत त्यानं कशाला उगाच पैसे घालवायचे.

दातांचा_डॉक्टर_मिरज
बरोबर आहे भाऊ, सगळ्यांना एकच माप नाही. पण ती २ वर्षं कुणाला द्यायची हे तपासल्यावर ठरतं, घरी आरशात बघून नाही. किडीचंच बघा, दाताच्या वरच्या कवचाला संवेदनाच नसते त्यामुळे तिथपर्यंत कीड असेल तर काही कळत नाही. तेव्हा छोटं सिमेंट भरून भागतं. रात्री झोपू देत नाही अशी कळ येते तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते, मग रूट कॅनाल आणि कॅप, नाहीतर काढणं. पैसे वाचवायचे असतील तर उलट आधीच जायला पाहिजे. शुगर, तंबाखू, आधी हिरड्यांची ट्रीटमेंट झालेली, यांना ३ ते ६ महिने. गरोदर बाईनं पण जरूर दाखवावं, त्या दिवसात हिरड्या पटकन सुजतात, आणि क्लिनिंग चालतं.

झेडपीच्या_बाई_विटा
मुलाचं मी सांगते, वर्गात रोज बघते. ६ वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून आईवडलांना वाटतं ही पण दुधाचीच, किडली तरी पडेल. ती पडत नाही ओ, ती कायमची दाढ आहे. तुमच्या मुलाला आत्ताच आलेली असणार. टॉर्च लावून मागं बघा, खोल खाचा दिसतील, त्यात बेदाणा चिकटून बसतो. डेंटिस्ट त्या खाचा सीलंटनं बंद करून देतात, इंजेक्शन नाही काही नाही.
बेदाणे बंद करा असं मी म्हणणार नाही, घरात पोत्यांची थप्पी असताना पोरगं ऐकेल होय. पण दिवसभर एक एक चघळण्यापेक्षा जेवणाबरोबर द्या, वर पाणी प्यायला लावा आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. शाळेत आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं पथक येतं ते दात पण बघतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुष्कळ जण ठेवतात, फार वाईट वाटतं.

तासगावची_सून
सगळ्यांचे खूप आभार. संध्याकाळी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. काडीचं ऐकून म्हणाल्या, नुसतं मोजून बघायला येते, मशीन लावू द्यायचं का ते मी ठरवणार. एवढं पण खूप आहे. मुलाची दाढ पण बघितली, आलीय, दोन्ही बाजूला, त्याला पण घेऊन जाते. पण मिश्रीचं काय करू, त्या म्हणतात मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.

दातांचा_डॉक्टर_मिरज
पहिले काही दिवस तसं होईल, चिडचिड पण होईल, ती तंबाखूची तलफ आहे, घरात सगळ्यांनी सांभाळून घ्या. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, मग पेस्ट, आणि मिश्रीचा डबा डोळ्यासमोर ठेवू नका. तंबाखू सोडायला सरकारचा फुकट नंबर आहे १८००-११-२३५६, तुम्ही शेजारी बसून लावून द्या. आणि मोजायला नेताय तेव्हा गालाच्या आतलं दाखवायचं विसरू नका.