प्रतिसाद: शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही

मणिपूरमधल्या शाळा नीट सुरू झाल्या की मुलांचं शिक्षण रुळावर येईल, असं वरच्या लेखात म्हटलंय. ते मला अर्धंच पटतं. मे २०२३ मध्ये तिथे उसळलेल्या हिंसाचारानंतर जी कुटुंबं राज्याबाहेर पडली त्यांच्या मुलांचं काय? नवी मुंबईतल्या घणसोलीत आमच्या शेजारी असं एक कुटुंब राहायला आलं. मुलगी सातवीतली. घराबरोबर दप्तर, प्रगतिपुस्तकं सगळं जळालेलं. इथल्या एका अनुदानित शाळेने ‘आधी दाखला आणा, मग बघू’ म्हणत तिला ताटकळत ठेवलं. दाखला देणार कोण? तिच्या शाळेत तेव्हा विस्थापितांची छावणी होती! फार संताप आला होता.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. मात्र हे सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरतं आणि आठवीपर्यंतच, त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळेत खेटे घालण्यात अर्थ नाही. वयाचा पुरावा नसला तरी कलम १४ प्रमाणे प्रवेश द्यावाच लागतो. शाळेत खंड पडलेल्या मुलाला कलम ४ खाली वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मागता येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आम्ही तसा अर्ज दिल्यावरच मुलगी वर्गात बसली.