करड्या खारींना गर्भनिरोधक: उपाय की वेळकाढूपणा?

मूळ मुद्दा
अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी १८७६ साली इंग्लंडमधील चेशायर येथे सोडण्यात आल्या आणि त्यांच्या वंशजांनी तेथील मूळच्या तांबड्या खारीला बहुतेक रानांतून हुसकावून लावले. आता ब्रिटनची सरकारी प्राणी व वनस्पती आरोग्य संस्था खाद्यातून देता येईल अशी गर्भनिरोधक लस विकसित करत आहे. प्रजननाची संप्रेरके ज्याच्या इशाऱ्याने स्रवतात, त्याच संप्रेरकाविरुद्ध या लशीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. खाद्यपेटीचे दार वजनावर उघडणारे असल्याने हलक्या तांबड्या खारीला ते ढकलता येत नाही. पिंजरा आणि बंदुकीपेक्षा हा मार्ग मला अधिक माणुसकीचा आणि म्हणूनच अधिक काळ टिकणारा वाटतो.

प्रतिसाद १
आपल्या हेतूविषयी आदर राखूनही मी असहमत आहे. वांझ झालेली खार मरत नाही. ती ओक आणि बीचच्या कोवळ्या झाडांची साल सोलतच राहते. शिवाय स्वतः आजारी न पडता तांबड्या खारींना मारणारा, देवी रोगाच्या विषाणूसारखा विषाणू ती पसरवत राहते. वेल्समधील अँगलसी बेटावरून करड्या खारी हटल्या त्या पकडून मारल्यामुळेच, आणि त्यालाही दीड दशक लागले. पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे मिरवणारी आपली खार डोळ्यांसमोर आणून या प्रश्नाकडे पाहिले, तर ज्या तांबड्या खारीचा जीव जातो तिचा विसर पडतो.

मूळ लेखकाचे उत्तर
अँगलसीला चहूबाजूंनी समुद्र आहे, हा फरक आपण सोडून दिलात. मुख्य भूमीवर एक रान मोकळे केले की शेजारच्या रानातून नव्या खारी येतात आणि अन्न मुबलक असल्याने त्यांची वीण जोमाने वाढते. वांझ खार मात्र आपली जागा अडवून धरते. आधी संख्या पिंजऱ्यांनी खाली आणावी आणि मग लशीने ती खालीच राखावी, एवढेच माझे म्हणणे आहे. साल सोलण्याचे नुकसान तत्काळ थांबेल असा माझा दावा नाही.

प्रतिसाद २
दोघांच्याही मांडणीत पाईन मार्टेनचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. आयर्लंडच्या मध्यभागात हा शिकारी प्राणी परतल्यावर करड्या खारी घटल्या आणि तांबड्या खारी पुन्हा दिसू लागल्या. मात्र तो शहरातल्या बागांत फारसा शिरत नाही, तेव्हा तिथे लशीला वाव आहे.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर
शहरी बागांपुरते मी मान्य करतो. परंतु दोन्ही जातींच्या खारी एकत्र राहतात अशा उत्तरेकडील रानांत खाद्यपेट्या ठेवण्यास माझा विरोध कायम आहे, कारण एखादी धष्टपुष्ट तांबडी खार आत शिरली तर जिला वाचवायचे तिचीच वीण खुंटेल. दक्षिण इंग्लंडच्या मुख्य भूमीवर तांबडी खार उरलेलीच नाही. लशीचा पहिला वापर तिथे व्हावा.