प्रेसिडिओ पाहायला जायचे आहे: निवृत्त तोपचीला एका दिवसात काय दाखवावे?

देवळालीकर:
नमस्कार. माझे वडील नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता त्यांचे वय 74 आहे आणि गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. जुलैमध्ये आम्ही बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहोत. समुद्रालगतची प्रेसिडिओ ही जुनी छावणी आता सर्वांसाठी खुले उद्यान झाली आहे, असे तिने सांगितल्यापासून बाबा रोज एकच विचारतात, की तिथे तोफा उरल्या आहेत का. बहिणीकडे गाडी आहे, दिवस मात्र एकच मिळेल. कोठून सुरुवात करावी?

गोदाकाठ:
दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन तिथे गेले होते, त्या अनुभवावरून सांगते. सकाळी प्रथम बेकर बीचजवळच्या बॅटरी चेंबरलिन या जुन्या तोफांच्या मोर्च्यावर जा. तिथे 6 इंची, अदृश्य होणारी तोफ आहे. ती भिंतीआडून वर येते, गोळा सुटला की धक्क्याच्या जोरावरच पुन्हा भिंतीमागे खाली बसते आणि समोरच्या जहाजाला न दिसता भरता येते. तोफ हलवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक ठरावीक दिवशीच असते, म्हणून राष्ट्रीय उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर तारीख पाहूनच दिवस निवडा. तुमच्या बाबांसाठी संपूर्ण सहलीत याहून मोलाचे काही नसेल, असे मला मनापासून वाटते.

नंतर गोल्डन गेट पुलाच्या अगदी खाली असलेला फोर्ट पॉइंट पाहा. विटांचा हा किल्ला 1853 ते 1861 या काळात बांधला गेला आणि पूल उभारताना तो पाडावा लागू नये म्हणून त्याच्यावरून पोलादी कमान नेण्यात आली. वरच्या मजल्यांवर जाण्यासाठी गोल जिने आहेत, ते बाबांना चढायला लावू नका. तळमजल्यावरचे दालन आणि चौक पुरेसा आहे.

गंगापूररोडवासी:
जुलै म्हणून पातळ कपडे नेऊ नका. तिथल्या उन्हाळ्यात खाडीवर दाट धुके येते, वारा बोचरा असतो आणि भर दुपारीही आपल्याकडच्या डिसेंबरमधल्या पहाटेसारखे वाटते. बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी हवीच.

माझी एक विनंती आहे, छावणीतील राष्ट्रीय दफनभूमी वगळू नका. 1884 मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. पांढऱ्या शिळांच्या सरळ रांगा उतारावरून खाडीकडे जातात. जो माणूस आयुष्यभर परेडच्या रांगेत उभा राहिला, त्याला तिथे कोणी काही समजावून सांगावे लागत नाही.

उरलेला वेळ मेन पोस्टला, म्हणजे छावणीच्या मध्यवर्ती भागाला द्या. 1776 मध्ये स्पेनने ही छावणी वसवली, नंतर ती मेक्सिकोकडे आणि मग अमेरिकेकडे गेली. 1994 मध्ये लष्कराने ती राष्ट्रीय उद्यान विभागाच्या हाती सोपवली. जुन्या बराकी आणि अधिकाऱ्यांची घरे पाडली नाहीत, तर दुरुस्त करून भाड्याने दिली, आणि त्या भाड्यावर प्रेसिडिओ ट्रस्ट ही सरकारी संस्था आता बहुतांश परिसर सांभाळते. जुनी लष्करी वास्तू राखायची असेल तर ती वापरात राहिली पाहिजे, हे तिथे प्रत्यक्ष दिसते. मेन पोस्टच्या पुढे महामार्गाच्या बोगद्यांवर 2022 मध्ये खुली झालेली हिरवळ आहे. तिथे बाके भरपूर आहेत आणि बसून पूल दिसतो. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे, आत फिरण्यासाठी मोफत बसही आहे.

देवळालीकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. अदृश्य होणाऱ्या तोफेचे वर्णन मी बाबांना वाचून दाखवले. धक्का परतवण्यासाठी तिला वजन जोडलेले असते की स्प्रिंग, असे त्यांनी लगेच विचारले.

गोदाकाठ:
वजन. जड प्रतिभार असतो, आणि तोच खाली सोडला की नळी पुन्हा वर येते. बाकीचे बाबा तिथल्या स्वयंसेवकांना स्वतः विचारतीलच. तुम्ही फक्त दुभाषी म्हणून शेजारी उभे राहा.