टंगस्टन दिवे मोडीत काढायचे की नाही?

दिवेवाला (धागाकर्ता)

चित्रपट आणि मालिकांच्या युनिटना दिवे भाड्याने देणे हा माझा व्यवसाय आहे. अलीकडे मागणीच्या याद्यांत एलईडी पॅनेल, ट्यूब आणि सीओबी (एकाच जागी दाटीने चिपा बसवलेले) दिवे यांखेरीज फारसे काही नसते. दोन आणि पाच किलोवॉटचे सोलर, एक किलोवॉटच्या बेबी (दोन्ही समोर भिंग असलेले दिवे), अनेक बल्बांचे मिनी ब्रूट हे टंगस्टनचे सगळे सामान गोदामात जागा अडवून बसले आहे, आणि ते भंगारात घालून त्या पैशात आणखी एलईडी घ्यावेत, असा सल्ला मला भेटेल तो माणूस देतो. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही ते येथे मांडतो आणि आपल्या हरकती मागवतो.

ज्या दिव्याचा प्रकाश माणसाच्या चेहऱ्यावर आणि अंगावरच्या कपड्यावर पडतो, तो मुख्य दिवा घरातील प्रसंगांत शक्य तेथे टंगस्टनचा असावा. मागच्या भिंती, खिडकीबाहेरचा उजेड, गाडीतले प्रसंग यांसाठी एलईडी खुशाल वापरावेत, असे माझे मत आहे. टंगस्टनची तार तापून प्रकाशते, त्यामुळे तिच्या प्रकाशात निळ्यापासून गडद लालपर्यंतच्या तरंगलांबी अखंड असतात आणि लालकडे त्या चढत जातात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. साधारण ४५० नॅनोमीटरच्या निळ्या चिपवर फॉस्फरचा थर देऊन त्या निळ्याचा काही भाग हिरव्या, पिवळ्या आणि लाल प्रकाशात बदललेला असतो, आणि त्यामुळे ४५० च्या जवळ एक उंच शिखर, ४८० च्या आसपास एक खड्डा आणि गडद लालच्या टोकाला उतार अशी त्याची आकृती निघते. मोरपंखी पैठणीचा रंग नेमका त्या खड्ड्याच्या परिसरात येतो, आणि त्वचेतील रक्ताची झाक त्या उतारावर. दुकानात साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउज सेटवर निराळा दिसू लागतो, याचेही कारण हेच आहे. दोन्ही कापडांचे रंगद्रव्य वेगळे असते आणि एका प्रकाशात जुळलेले रंग दुसऱ्या प्रकाशात जुळतीलच, असा नियम नाही.

मंद करण्याचा मुद्दाही यातच येतो. टंगस्टन डिमरवर उतरवला की तो ३२०० केल्व्हिनवरून (केल्व्हिन हे रंगतापमानाचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश तांबूस) आपोआप पिवळट, मग तांबूस होत जातो, जसा कोणताही तापलेला पदार्थ होतो. समईच्या ज्योतीचे रंगतापमान १९०० केल्व्हिनच्या आसपास असते. देवघरातील प्रसंगाला डिमरवर उतरवलेला साधा टंगस्टन दिवा जी ऊब देतो, ती दुरंगी एलईडी पॅनेल देऊ शकत नाही, कारण त्यातील बहुतेकांची धाव २७०० किंवा ३२०० लाच संपते.

गॅफर_मढ

आपण स्पेक्ट्रमबद्दल लिहिलेत ते शास्त्रदृष्ट्या बरोबर असेल, पण सेटवर दिवा लावणारा माणूस स्पेक्ट्रमच्या आधी वायर पाहतो. २३० व्होल्टवर दोन किलोवॉटचा एक सोलर पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे बंगल्यातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर एकच दिवा नीट चालतो आणि दुसरा लावायचा तर घरमालकाच्या फ्यूजची काळजी करावी लागते. पाच किलोवॉटचा लावायचा म्हटले की बाहेर जनरेटर व्हॅन उभी करा, तिथून केबल ओढा, रात्री शेजाऱ्यांची तक्रार ऐका. तेवढाच उजेड देणारा चांगला एलईडी दोन किलोवॉटच्या जागी पाचशे वॉटच्या आसपास काम भागवतो. आज लहान युनिट जनरेटरशिवाय घरात शिरून चार दिवसांचे काम उरकते ते केवळ यामुळे.

आता उष्णतेचे पाहा. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. दोन किलोवॉटचे पाच दिवे खोलीत लावले, तर केवळ दिव्यांची उष्णता काढायला जवळजवळ तीन टन क्षमता लागेल. माणसे आणि कॅमेरे वेगळेच. शिवाय सिंक साउंड (चित्रीकरणासोबतच ध्वनिमुद्रण) असेल तर टेकच्या वेळी एसी बंद करावा लागतो. मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या पत्र्याच्या फ्लोअरवर, अंगात नऊवारी आणि दागिने घालून उभ्या असलेल्या अभिनेत्रीला त्वचेतील रक्ताची झाक समजावून सांगण्याचे धाडस आपण करावे. मेकअप दर टेकनंतर पुसून पुन्हा लावावा लागतो, तेव्हा ती झाक तशीही पावडरखालीच जाते.

वाई, मेणवलीच्या बाजूला लाकडी छतांच्या वाड्यांत चित्रीकरण होते. तिथे प्रकाश मऊ करणारे कापडी डिफ्यूजन लावलेला पाच किलोवॉटचा दिवा जुन्या तुळईजवळ बांधताना मला जे वाटते, ते गोदामात बसून वाटणार नाही.

रंगसंस्कारक

मी कलर ग्रेडिंग करतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या दिव्यांचे परिणाम पडद्यावर नीट करण्याचे काम शेवटी माझ्याकडे येते. मी धागाकर्त्यांशी अर्धा सहमत आहे.

एलईडीची गुणवत्ता मोजताना आपल्याकडे अजूनही सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याच्या निर्देशांकाचा, आकडा पुढे केला जातो. '९५ प्लस' असे खोक्यावर छापलेले असते आणि खरेदीचा निर्णय तिथेच होतो. सीआरआयचा तो सर्वसाधारण आकडा फक्त आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवर काढतात. गडद लालचा नववा नमुना, म्हणजे आर-९, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. कुंकू, लाल शालू आणि ओठ यांची जबाबदारी ज्या नमुन्यावर, तोच हिशेबाबाहेर! शिवाय हे मोजमाप माणसाच्या डोळ्यासाठी आखलेले आहे, कॅमेऱ्यासाठी नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये टीएलसीआय हा निर्देशांक आणला तो कॅमेरा गृहीत धरून, परंतु तोही एका ठरावीक प्रमाण कॅमेऱ्याच्या गणिती नमुन्यावर बेतलेला आहे आणि आपले सिने कॅमेरे त्या नमुन्यासारखेच वागतात असे नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पुढे आणलेला एसएसआय हा निर्देशांक मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो डोळा किंवा कॅमेरा काहीच गृहीत न धरता एका दिव्याचा स्पेक्ट्रम संदर्भ दिव्याच्या स्पेक्ट्रमशी किती मिळतो एवढेच सांगतो. त्यात १०० म्हणजे तंतोतंत साम्य. सीआरआयमध्ये ९५ मिरवणारे दिवे तिथे सत्तरीत किंवा ऐंशीत सापडणे नेहमीचे आहे.

हे झाले धागाकर्त्यांच्या बाजूचे. आता विरुद्ध. टंगस्टनच्या प्रकाशात निळा फारच थोडा असतो. आजच्या डिजिटल सेन्सरला ३२०० केल्व्हिनवर पांढरा समतोल साधायचा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे अशी जुळणी करायची, तर निळ्या वाहिनीचा संकेत ताणून वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर तिच्यातला नॉइजही (नकोसे ठिपके) वाढतो. अंधाऱ्या प्रसंगात सावल्यांमध्ये जी वळवळ दिसते तिचा मोठा वाटा या निळ्या वाहिनीचा असतो. टंगस्टनसाठीच रसायन बांधलेल्या फिल्मच्या काळात ही अडचण नव्हती. म्हणजे अखंड स्पेक्ट्रमचा जो फायदा आपण सांगता, त्यातील काही भाग कॅमेऱ्याच्या आतच परत द्यावा लागतो. त्यातून खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल आणि टंगस्टनवर पूर्ण निळे जिलेटिन (रंगीत पारदर्शक ताव) चढवावे लागले, तर जवळजवळ दोन तृतीयांश प्रकाश जिलेटिनच खाते.

उगाच_विचारतो

मी या व्यवसायातला नाही. प्रेक्षक मालिका मोबाइलवर, तीही ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून बघतो. मोरपंखी रंग थोडा इकडचा तिकडे झाला, तर त्याला कळणार आहे काय?

रंगसंस्कारक

रंग इकडचा तिकडे झालेला त्याला कळणार नाही; एकाच प्रसंगातील दोन शॉटमध्ये चेहरा बदललेला मात्र कळेल, जरी काय खटकले ते त्याला सांगता आले नाही तरी. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन एलईडी, दोन्ही ५६०० वर ठेवलेले, शेजारी लावले की एक हिरवट आणि एक गुलाबी निघणे हा रोजचा अनुभव आहे, आणि बहुतेक भाड्याच्या पेट्यांत चार कंपन्यांचे दिवे एकत्र असतात. ठीक व्होल्टेज मिळत असेल तर कोणत्याही कंपनीचा ३२०० चा टंगस्टन बल्ब दुसऱ्या कंपनीच्या बल्बशी जुळतो. माझा ग्रेडिंगचा निम्मा वेळ या हिरवट-गुलाबीत जातो, आणि तो वेळ निर्मात्याच्या पत्रकात 'दिव्यांची बचत' या रकान्यातून कोणी वजा करत नाही.

गॅफर_मढ

'ठीक व्होल्टेज मिळत असेल तर' या शब्दांत सगळे आले. साताऱ्याकडच्या गावात संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की २३० चे २०७ व्हायला वेळ लागत नाही, आणि लांब केबलमध्ये आणखी काही व्होल्ट गळतात. दहा टक्के व्होल्टेज पडले की टंगस्टनचा रंग सव्वाशे-दीडशे केल्व्हिनने तांबडा होतो आणि उजेड त्याहून पुष्कळ अधिक घटतो. चांगल्या एलईडीचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान काहीही चालवून घेतो; दिव्याला पत्ताही लागत नाही. मग गावात कोणाचा रंग स्थिर राहिला?

हिरवट-गुलाबीबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. स्वस्त पॅनेलांनी एलईडीचे नाव खराब केले आहे. पण आरीच्या ऑर्बिटरसारख्या दिव्यांत लाल, हिरव्या आणि निळ्यासोबत अंबर, सायन आणि लाइम असे सहा रंग मिसळलेले असतात, आणि धागाकर्त्यांचा तो ४८० चा खड्डा त्यातला सायन बऱ्याच अंशी बुजवतो. समईचा रंगही अशा दिव्यातून निघतो. टीका करायची तर अशा दिव्यावर करा.

हिशेबनीस_निर्मिती

सहा रंगांचा दिवा कोणाला परवडतो, हेही त्याच दमात सांगायला हवे होते. मराठी चित्रपटाच्या अंदाजपत्रकात भाड्याने मिळतात ती मधल्या दर्जाची पॅनेले, आणि येथे तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी.

मी निर्मितीचा हिशेब पाहतो. एक किलोवॉटचा टंगस्टन बल्ब साधारण तीनशे तास टिकतो, तर एलईडीचे आयुष्य पन्नास हजार तास असल्याचे जाहिरातीत छापलेले असते. हा पन्नास हजारांचा आकडा चिपचा असतो. दिव्यात पंखा, ड्रायव्हर, कंट्रोल बोर्ड आणि डिस्प्लेही असतो, आणि जनरेटरच्या एका झटक्याने यांतील काय जाईल याचा भरवसा नसतो. टंगस्टनचा बल्ब गेला तर लाइटमन तो थंड होईपर्यंत थांबतो, कापडाने धरून नवा बसवतो आणि काम पुढे सुरू होते. एलईडीचा बोर्ड गेला तर दिवा मुंबईला, कधी कंपनीकडे जातो आणि युनिट त्याची वाट बघते. दुर्गम ठिकाणी बाहेरगावचे शेड्यूल असेल तेव्हा मी दोन-तीन सोलर सोबत मागवतो ते रंगासाठी नव्हे, बिघाडासाठी.

तरीही एकूण गणितात एलईडीच स्वस्त पडतो, हे मान्य करावे लागेल. डिझेल, जनरेटर, जिलेटिनचे ताव आणि जागा थंड ठेवण्याचा खर्च वाचतो. लाइटमनची संख्या कमी करता येते, हेही खरे आहे, आणि ते लिहिताना मला फारसा आनंद होत नाही.

प्रकाशयोजना_शिक्षिका

चर्चा रंगावर आणि विजेवर फार रेंगाळली. प्रकाशाच्या आकाराबद्दल कोणी बोलले नाही. फ्रेनेलच्या, म्हणजे सोलर किंवा बेबीच्या भिंगाच्या, मागे एकच लहान तेजस्वी तार असते, म्हणून तिची सावली धारदार पडते आणि बार्नडोअरने (दिव्याच्या झडपांनी) किंवा कटरने (प्रकाश अडवणाऱ्या काळ्या आडोशाने) ती हवी तेथे कापता येते. अनेक चिपा पसरलेल्या पॅनेलला कटर लावला तर कड विरघळते, आणि चिपा वेगवेगळ्या रंगांच्या असतील तर डिफ्यूजनशिवाय त्या कडेला रंगीत झालर येते. सीओबी दिव्यांनी हा दोष बराच कमी केला आहे. पण मुलांच्या हाती पॅनेलच अधिक येते, आणि मग सगळे प्रसंग एकाच मऊ, दिशाहीन उजेडात चित्रित होतात.

मऊ प्रकाश ही एलईडीची देणगी आहे, असे मला विद्यार्थी सांगतात. सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी काशीच्या घरातले अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले असताना वर कापड ताणून त्यावरून दिवे परावर्तित केले आणि अंगणात झिरपणारा आभाळाचा उजेड निर्माण केला. मऊपणा कापडाच्या आकारातून आला. मागे कोणता दिवा आहे हे दुय्यम होते. म्हणून मी शिकवताना पहिल्या सत्रात टंगस्टनच देते. त्याची तीव्रता मोबाइलवरून कमी करता येत नाही; दिवा उचलून मागे न्यावा लागतो किंवा जाळी लावावी लागते, आणि अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो हे हात दुखले की कायमचे लक्षात राहते.

दिवेवाला (धागाकर्ता)

गावातील व्होल्टेजचा मुद्दा मला मान्य आहे. चेहऱ्यासाठी टंगस्टनचा माझा आग्रह स्टुडिओ आणि स्थिर जनरेटर यांपुरता धरावा. निळ्या वाहिनीच्या नॉइजचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटलेला नाही. प्रसंग पुरेसा उजळून मग ग्रेडमध्ये खाली आणला तर तो बहुतांशी टळतो, आणि घरातील ऊबदार प्रसंगात छायालेखक अनेकदा समतोल पूर्ण पांढरा करतच नाहीत.

गॅफरसाहेब, स्लो मोशनबद्दल आपले मत हवे आहे. पाच किलोवॉटची जाड तार विजेच्या दोन आवर्तनांच्या मध्ये थंडच होत नाही, त्यामुळे सेकंदाला कितीही फ्रेम घेतल्या तरी फडफड दिसत नाही. एलईडीचे काय?

गॅफर_मढ

दिव्यागणिक निराळे. ज्यांचा उजेड वेगाने चालू-बंद करून कमी केला जातो, ते मंद केल्यावर जास्त फ्रेमला पट्टे देतात. म्हणून मी स्लो मोशनला एलईडी पूर्ण क्षमतेवर ठेवतो, उजेड जाळीने कमी करतो आणि आधी चाचणी घेतो. पण लहान टंगस्टनच्या बाबतीतही निर्धास्त राहू नका; बारीक तारेचे दिवे शंभराच्या वर गेलात की लुकलुकतात. नेहमीच्या २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर ठेवले की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन्ही सुरक्षित.

आणखी एक सांगतो, जरी ते माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाते. वाड्याच्या खिडकीतून उन्हाचा तिरपा झोत आत आणायचा असेल, तर रस्त्यापलीकडे क्रेनवर चढवलेल्या १८ किलोवॉटच्या एचएमआयला (दिवसाच्या उजेडासारखा प्रखर प्रकाश देणाऱ्या दिव्याला) एलईडीत अजून जोड नाही. मोठ्यातला मोठा सीओबी लावला तरी तो झोत तेवढ्या अंतरावरून तेवढा टोकदार पडत नाही, आणि पाच-सहा दिवे एकत्र बांधले तर खिडकीच्या गजांच्या सावल्याही पाच-सहा पडतात.

हिशेबनीस_निर्मिती

धागाकर्त्यांना एक व्यवहाराची सूचना. युरोपीय संघाने ऊर्जाबचतीचे नवे नियम सप्टेंबर २०२१ पासून लागू केले, तेव्हा रंगभूमी आणि चित्रपटांच्या खास दिव्यांना रंगकर्मींच्या ओरडीमुळे सवलत मिळाली, म्हणून त्यांचे बल्ब अजून बनत आहेत. पण मागणी घटत गेली की उत्पादक एकेक प्रकार बंद करतात, आणि त्याला कायदा लागत नाही. बेबी आणि दोन किलोवॉटचे सोलर ठेवा, त्यांचे बल्ब आताच खोक्याने भरून ठेवा. पाच किलोवॉटचे आणि मिनी ब्रूट मागायला वर्षभरात कोणी आले नसेल, तर ते विकून टाका.

दिवेवाला (धागाकर्ता)

मिनी ब्रूट विकेन. पाच किलोवॉटचे विकणार नाही. पावसाळ्यात स्टुडिओत अंगणाचे सेट लागले की ताणलेल्या कापडामागे ठेवायला तेच मागितले जातात.