फक्त अक्षरं मोठी करून भागत नाही
ॲप आणि वेबसाइट दृष्टिहीनांनाही वापरता याव्यात म्हणून अक्षरं मोठी, रंग ठळक केले की झालं, असं कुणीतरी म्हटलंय. कमी दिसणाऱ्यांपुरतं ठीक. पण अजिबात न दिसणारे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतात. बटणाला नावच दिलं नसेल तर फोन नुसता 'बटण, बटण' म्हणत बसतो. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं, कसं कळणार? मराठीत आणखी एक घोळ: जुन्या बिगर-युनिकोड (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत न पाळणाऱ्या) फॉन्टमधला मजकूर दिसतो देवनागरी, आत असतात रोमन अक्षरं, त्यामुळे रीडर काहीतरी अगम्य बरळतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तर विचारूच नका, तिथे मजकुराचं नुसतं चित्र असतं!

बाकी कायद्याचं म्हणाल तर, केवायसीसाठी (बँका वगैरे करतात ती ओळख-पडताळणी) कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायची अट अंधांना आणि ॲसिडहल्ला झालेल्यांना पाळता येईना, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.