मदत हवी आहे: सुरुंगाच्या पट्ट्यातून चालायचा धोका सिम्युलेशनने काढायलोय

नमस्कार मंडळी, नांदेडला एमएस्सी स्टॅट करायलोय, प्रोजेक्टला भूसुरुंग घेतलेत, आमच्या गावातले माजी सैनिक काका 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रमात (सैन्य सीमेवर जमवून सुरुंग पेरले होते ते) राजस्थान बॉर्डरवर होते, त्यांचं ऐकून डोक्यात बसलं.

पायथॉनमध्ये मोंटे कार्लो (हजारो वेळा रँडम चालवून सरासरी काढायची पद्धत) लिहिलंय. 100 मीटरचा पट्टा, दर 100 चौरस मीटरला 1 सुरुंग, कुठंही पसरलेले. वाट 30 सेंमी रुंद धरली तर धोका (वाटेत निदान एक सुरुंग लागायचा) 26 टक्के, पॉइसनच्या सूत्रानं (कुठंही, एकमेकांशी संबंध नसताना पसरलेल्या गोष्टी मोजायचं सूत्र) पण तेवढाच यायलाय. पण माणूस काय लोळत जात नाही ना राव, पाऊल 75 सेंमीवर पडतं, म्हणून नुसता तळवा आन सुरुंगाची 8 सेंमीची चकती धरली तर डायरेक्ट 8 टक्के! आता रिपोर्टात कोणतं लिहू?

खरी अडचण पुढंय. लष्कर सुरुंग बऱ्याचदा ओळीत लावतं, सोयाबीनच्या तासासारखे. मग ओळीला धरून चालणारा एकतर सुखरूप निघतो नाहीतर एकाच वाटेत चार सुरुंग, सरासरी तीच राहते पण पॉइसन बसंना. वर मागचा गडी पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालला तर दोघांचा धोका वेगवेगळा धरून गुणायचा कसा? गाईड म्हणतेत इंडिपेंडंट धर आन मोकळा हो, मला काय पटंना.

ओळींसाठी कोणती पॉइंट प्रोसेस (जागेवर बिंदू कसे पसरतात त्याचं मॉडेल) घ्यावी, आन मागून चालणाऱ्यांचं कोडमधी कसं बसवावं? कुणी स्पेशियल स्टॅटचं (जागेवर पसरलेल्या डेटाचं) काम केलं असंल तर सांगा, कोड कमेंटमधी टाकतो.