लेस स्कार्फ संपत आलाय: टाके कसे बंद करू, ब्लॉकिंग कसं करू?

मधुमालती
मंडळी, सल्ला हवाय. दिल्लीच्या नणंदेसाठी स्कार्फ विणतेय, १८ टाक्यांची ती लाटांची वीण (फेदर अँड फॅन). लोकर मेरिनो, ५० ग्रॅमला ४०० मीटरवाली, सुया साडेतीन मिलिमीटरच्या. आता शेवटच्या दोन-चार ओळी राहिल्यात. रुंदी जेमतेम ३० सेंटीमीटर, लांबी सव्वा मीटर, आणि दिसतोय पिळून ठेवलेल्या पोतेऱ्यासारखा! व्हिडिओत ब्लॉकिंगला, म्हणजे विणकाम ओलं करून ताणून वाळवायला, सगळ्या बायका तारा, पिना, मॅट असं काय काय घेऊन बसलेल्या असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. त्यात पुण्यात पाऊस. काय करू?

सुईदोरा
दिसायला पोतेरंच हवं, घाबरू नकोस. न ताणलेली लेस अशीच दिसते.

आधी टाके बंद करण्याचं बघ. नेहमीसारखे एकावर एक उचलून बंद केलेस तर कड आवळून बसेल आणि मग कितीही ताण, लाट उघडणार नाही. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विण, आलेला टाका परत डाव्या सुईवर सरकव, पुन्हा पुढच्या टाक्याबरोबर तेच. उजव्या हातात चार किंवा साडेचारची सुई घे. रुंदीच्या चौपट तरी धागा शिल्लक आहे ना, ते सुरू करण्याआधी बघून घे.

धाग्याची टोकं आत्ता ओव, पण कापू नकोस. ताणल्यावर टोक आत सरकतं आणि बरोबर भोकातून डोकावतं. वाळून पिना काढल्या की मगच काप. ओवताना भोकावरून आडवं नेऊ नकोस, टाक्यांच्या तिरक्या रांगेतून ने.

काकूबाई_नाशिक
एवढा खटाटोप कशाला गं? आम्ही स्वेटर विणून झाला की उलटा करून वर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायचो. छान बसायचा.

सुईदोरा
काकू, स्वेटरला चालतं ते. लेसवर इस्त्री टेकली की वीण चपटी होते, पंख्यांमधल्या उंच रेघा जातात. आणि ही वीण उघडायची तर ओली असताना ताणावीच लागते.

खटपट्या
तारांचं मी सांगतो, बायको विणते आणि मी हार्डवेअरच्या दुकानात चकरा मारतो. टिग वेल्डिंगच्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या माग, १.६ मिलिमीटर जाडीच्या. एक मीटर लांब येतात, वजनावर मिळतात, ब्लॉकिंगच्या तारांपेक्षा कितीतरी स्वस्त. तांब्याचा मुलामा असलेल्या लालसर सळ्या घेऊ नका, त्या आतून साध्या लोखंडाच्या असतात, ओल्या लोकरीवर गंज उतरतो. टोकं सँडपेपरने घासा आणि सळी साबणाने धुऊन पुसा, वर तेलकट थर असतो. पिनासुद्धा स्टेनलेसच. खाली मुलांची ती कोड्यासारखी जोडायची फोमची चटई, वर जुनी पांढरी चादर.

आजोळ_एडिंबरा
तारा नसल्या तरी अडत नाही. शेटलँडमध्ये शाली लाकडी चौकटीवर दोऱ्याने ताणून वाळवायची जुनी पद्धत आहे. तेच चटईवर कर: पांढरा, गुळगुळीत सुती दोरा सुईत घे, दोन्ही लांब कडांच्या प्रत्येक फुगीर टाक्यातून ओव, मग दोरा ताणून दोन्ही टोकांना पिन कर. अधेमधे पिना लावल्या तरी कड सरळ राहते. रंगीत दोरा नको, रंग उतरला तर गेलं काम.

एक बारीक गोष्ट. या विणीत दोन्ही टोकांची लाट एकसारखी नसते. जिथे टाके बंद करशील तिथे भोकांच्या पंख्याचा मध्य बाहेर येतो, तिथे पिन लाव. सुरुवातीच्या टोकाला उलट, जिथे टाके एकत्र केलेत ते टोक बाहेर येतं. दोन्हीकडे पंख्यालाच पिन लावलीस तर एक बाजू विणीच्या विरुद्ध ओढली जाईल.

मधुमालती
हे कुठेच वाचलं नव्हतं! आता भिजवायचं कसं? आणि लोकर खरंच मेरिनो आहे का, हीच शंका येतेय. लेबल हरवलंय.

सुईदोरा
वीतभर तुकडा स्टीलच्या ताटात जाळून बघ, खिडकी उघडी ठेवून. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक असेल तर पाण्याने काही व्हायचं नाही, सुकलं की परत आकसतं. ते पिन करून वरून वाफ द्यायची, इस्त्री दोन-तीन सेंटीमीटर वरच. वाफेने ते कायमचं सैल पडतं, परत येत नाही, म्हणून आधी नमुन्याच्या तुकड्यावर.

लोकर असेल तर कोमट पाण्यात थोडं इझी (लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण), अर्धा तास नुसतं बुडवून ठेव. चोळू नकोस, पिळू नकोस, नळाखाली धरू नकोस. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचल, टॉवेलात गुंडाळ आणि त्यावर उभी राहा. आधी लांबी ताण, मग रुंदी. माझ्या अंदाजाने दीड मीटरच्या पुढे आरामात जाईल. मशीनमध्ये धुण्याजोगी मेरिनो असेल तर मात्र बेताने, ती ओली असताना वाट्टेल तेवढी लांबते.

खटपट्या
पावसाचं: पंखा फुल्ल, एसी असेल तर ड्राय मोड. गालाला लावून गार लागतंय तोवर पिना काढू नका, हाताला कोरडं वाटलं तरी.

मधुमालती
जाळून बघितलं. केसांचाच वास, राख झाली! नणंद मशीनमध्ये धुणार नाही ना, एवढीच काळजी.

काकूबाई_नाशिक
तिला आत्ताच सांगून ठेव की हाताने धुवायचा, आणि दर धुण्याला पुन्हा पिना लावून वाळवायचा. घडी घालून ठेवायचा, हँगरला नाही. तिला जमणार नसेल तर हिवाळा संपल्यावर तुझ्याकडेच पाठवायला सांग.